डाव्या खांद्याची बंदूक

“तोंड भिंतीकडं!”

दुकानात कुणीही पाऊल टाकलं की मिस्त्रींचं पहिलं वाक्य हेच. राम राम नंतर, पाणी नंतर, ख्यालीखुशाली त्याच्याही नंतर. बंदूक घेऊन आलेल्या माणसाला हे म्हणणं आपण समजू शकतो. पण मिस्त्री छत्रीवाल्यालाही तेच म्हणायचे. एकदा नळ दुरुस्त करणारा एक जण खांद्यावर पाइप टाकून नुसता पत्ता विचारायला आला होता. त्याला त्यांनी पाइपाचं तोंड भिंतीकडं करून पाऊण तास उभं ठेवलं, चहा पाजला आणि मगच पत्ता सांगितला. पत्ता शेजारच्याच घराचा होता.

मी वाढवून सांगतो असं आमच्या लोहा गावात म्हणतात. तुम्ही निम्मं कमी करून घ्या. मिस्त्रींच्या बाबतीत उरलेलं निम्मंसुद्धा पुरून उरतं.

माझं अर्ज लिहायचं टेबल तहसीलसमोर. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आणि रुसका प्रिंटर. त्याच्या मागे, भिंतीला भिंत लागून मिस्त्रींचं दुकान. पिकाच्या राखणीसाठी ज्यांच्याकडे परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत, त्यांचे कागद मी करायचो आणि बंदुका मिस्त्री करायचे. घडवायचा आणि दुरुस्तीचा परवाना त्यांच्या वडिलांपासूनचा, काचेच्या चौकटीत, देवाच्या फोटोशेजारी. उदबत्ती दोघांनाही. कंधारपासून धर्माबादपर्यंतची रानडुकरं मिस्त्रींना नावानिशी ओळखतात, असं मी गिऱ्हाइकांना सांगायचो.

आतून आवाज यायचा, “मुन्शी, निम्मं कमी कर.”

“निम्मी डुकरं का निम्मी नावं?”

यावर फक्त कानशीची खर्र खर्र.

ज्यांनी ठासणीची बंदूक पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हिच्यात काडतूस नसतं. दारू नळीच्या तोंडातून घालायची, वर चिंधी घालून लांब गजानं ठासायची. मागच्या बाजूला, नळीला लागून उजव्या अंगाला, टिकलीएवढी तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा, म्हणजे वर वाकलेला लोखंडी हातोडा, त्या टोपीवर आपटतो. ठिणगी, धूर, बार. शेतकरी बहुतेक वेळा आभाळाकडं नुसताच बार काढतात. डुकराला तेवढं पुरतं. डुक्कर मोठं समजूतदार जनावर आहे.

आता या बंदुकीची खोड अशी की ती भरलेली आहे का रिकामी, हे वरून कळत नाही. म्हणून मिस्त्री आल्या आल्या गज नळीत सोडायचे आणि कान द्यायचे. टण् वाजलं तर रिकामी. ठप् वाजलं तर भरलेली. डोळ्यांपेक्षा त्यांचा कानावर भरवसा. पुढं डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा हा भरवसा कामाला आला.

एकदा धर्माबादकडचं एक कुटुंब आजोबांची बंदूक घेऊन आलं. आजोबा जाऊन जमाना झाला होता. बंदूक बैठकीत टांगलेली, तिच्याखाली लग्नं लागली, बारशी झाली. मिस्त्रींनी गज सोडला. ठप्.

“भरून ठिवून गेलाय म्हातारा,” ते म्हणाले आणि मला दुकानाबाहेर काढलं. मी बाहेर गेलो नाही, तहसीलच्या पलीकडं गेलो. त्यांनी नळीत पाणी सोडलं, दारू भिजू दिली आणि दुसऱ्या दिवशी आकड्यानं हळूहळू सगळं ओढून काढलं. शेवटी हिरव्या कापडाचा एक बोळा आला. सोबत आलेल्या म्हातारीनं तो उलगडून पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“माझं लग्नातलं लुगडं हाय की हे! उंदरानं कुरतडलं म्हणला होता मला! उंदराला घरभर शोधलं मी!”

मिस्त्रींनी तो तुकडा धुऊन, वाळवून, घडी घालून तिच्या हातात दिला. म्हातारी जाताना हसत होती का रडत होती, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मिस्त्रींचं खरं काम बघायचं ते लाकडाचं. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, ते शिसवाचा करायचे. “बूट आन् बंदूक मापाचीच पायजे,” असं म्हणून शिंप्यासारखं माप घ्यायचे. हातात खराटा द्यायचे आणि डोळे मिटून खांद्याला लावायला सांगायचे. परवानाधारक पाटील असो का सरपंच, भर बाजारात डोळे मिटून, खराटा खांद्याला लावून उभा. मिस्त्री भोवती फिरणार, मान बघणार, कोपर बघणार. माझ्या टेबलासमोरची रांग हा खेळ बघण्यात इतकी रमायची की अर्जावर सही करायचीच विसरायची.

मग लोखंड लाकडात बसवायचं. घोडा ज्या पट्टीवर बसतो, ती पट्टी दिव्याच्या काजळीवर धरून काळी करायची, लाकडाच्या खाचेत दाबायची, काढायची. लाकडावर जिथं काळं उमटलं तिथं लाकूड जास्त. तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबणं, पुन्हा खरवडणं. शंभरदा म्हटलं तर मी कमी सांगतोय, विश्वास ठेवा. शेवटी पट्टी आणि लाकूड यांच्यात केससुद्धा जात नसे. माझे तेव्हा होते, म्हणून मी घालून पाहिला होता.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. कंधारच्या बाजूच्या एका गावातली बाई आली. वय चाळिशीचं, हातात गोणपाटात गुंडाळलेली बंदूक.

“तोंड भिंतीकडं, माय.”

“भिंतीकडंच हाय मामा. घरून निघाल्यापून भिंतीच शोधत आले.”

मिस्त्री हसले. हे फार दुर्मीळ. गज सोडला. टण्.

बाईचा नवरा वर्षापूर्वी आजारात गेला होता. बंदुकीचा परवाना तिच्या नावावर झाला, त्याचे कागद मीच केले होते. रान तिचं, पेरणी तिनं केली, ज्वारी उगवून आली. पण रानाच्या कडेला ओढा, ओढ्यात डुकरं. गेल्या साली अर्धं पीक डुकरांनी लोळवलं. दीर म्हणाला होता, राखण होत नसेल तर पाडव्यापासून रान मी करतो, तुला वर्षाचं धान्य घालीन.

“एकदा त्याच्याकडं गेलं की रान वापस येत न्हाई मामा,” बाई म्हणाली. “हुरड्यात डुकरं आली आन् मी बार काढून हाकलली, तर कुणाचं काय चालंना. न्हाईतर समदं गाव म्हणंल, दीर बरोबर बोलून राहिला.”

“मग बार काढायला काय झालं?”

तिनं पदर बाजूला केला. डाव्या गालावर, कानाजवळ, बारक्या काळ्या डागांची रांगोळी.

मिस्त्रींनी तिच्या हातात खराटा दिला. “डोळे झाक आन् खांद्याला लाव.”

तिनं डोळे मिटले आणि खराटा डाव्या खांद्याला लावला.

मिस्त्री तिच्याभोवती फिरलेच नाहीत. तसेच समोर उभे राहिले. “डावखुरी हाईस.”

“हाव. समदे म्हणतात उजव्यानं शीक. उजव्यानं शेंगासुद्धा नीट फोडता येत न्हाईत मला.”

आता लक्षात घ्या. घोडा आणि टोपी उजव्या बाजूला. उजव्या खांद्यावर बंदूक घेतली तर ठिणगी बाहेर उडते. डाव्या खांद्यावर घेतली तर तीच ठिणगी थेट गालावर. सगळ्या जगाच्या ठासणीच्या बंदुका उजव्या माणसांनी उजव्या माणसांसाठी केलेल्या, निदान मिस्त्रींनी पाहिलेल्या तरी.

“डावी बंदूक करावी लागंल,” मिस्त्री म्हणाले.

“केली व्हती का कधी?” मी विचारलं.

“न्हाई. बापानंबी केली नव्हती.”

“नळी तेवढी हीच ठिवा मामा,” बाई म्हणाली. “नंबर लायसनवर हाय.” आणि तिनं नळीवरून हात फिरवला. लायसनवरच्या नंबरावरून असा हात फिरवलेला मी तरी पाहिला नाही.

अडचण एकच नव्हती. मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. लातूरला लेक दिलेली, तिनं ऑपरेशनची तारीख घेऊन ठेवलेली. परवानाही वर्षअखेरीला संपत होता आणि पुन्हा करायचा नाही असं ठरलेलं. म्हणजे ही शेवटचीच. लेकीचा फोन आला की मिस्त्री मोबाइल माझ्या हातात देत. मी सांगायचो, “ताई, लातूरच्या गाड्या बंद हाईत.” पुढच्या आठवड्यात, “ताई, रस्ता खणलाय.” त्याच्या पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, “काका, मी लोह्याच्या स्टँडवरूनच बोलून राहिले.” त्या दिवशी मी टेबलाखाली जेवलो. मिस्त्रींनी मात्र लेकीला समोर बसवलं, सगळं सांगितलं आणि हुरड्यानंतरची तारीख मागितली. तिनं बाईच्या गालाचे डाग पाहिले नव्हते, तरी दिली.

काम सुरू झालं. आठ दिवस कानस चालली. नवव्या दिवशी मिस्त्रींनी मला हाक मारली आणि पट्टी पुढं केली. गुळगुळीत, देखणी, आरपार मेहनतीची.

बंदुकीतलं आणि उसातलं मला फारसं काही कळत नाही. तरी म्हणालो, “मिस्त्री, ही उजवी हाय.”

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग शांतपणे बाजूला ठेवली. “हातानं ऐकलं न्हाई,” म्हणाले.

आयुष्यभर उजवं घडवलेला हात. डोक्याला सांगितलं डावं, डोक्यानं मान डोलावली, पण हात आपल्या वाटेनं घरी गेला. दुसऱ्या खेपेला पट्टी डावी जमली, घोडा मात्र उलट्या अंगाला वाकला. बंदुकीकडं पाठ करून उभा, लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखा. मी हसलो. मिस्त्री हसले नाहीत. दिवाळी मागे पडली होती, ज्वारी कमरेला आली होती.

त्या दिवशी त्यांनी शटर दुपारीच ओढलं. मला वाटलं, संपलं. बाईला काय सांगायचं त्याची मी मनात जुळवाजुळव करू लागलो. मी इतकी वाक्यं तयार केली, त्यातलं एकही चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहतो तर मिस्त्री रस्त्यापलीकडच्या न्हाव्याच्या दुकानातला मोठा आरसा काखेत घालून आणत होते. मागं न्हावी.

“मामा, गिऱ्हाइक बसलंय माझं! अर्धी हजामत झालीय!”

“अर्धी अंदाजानं कर. तुझा हात बसलेला हाय.”

आरसा त्यांनी कामाच्या फळीवर उभा केला. बाईच्या नवऱ्याच्या बंदुकीचा जुना उजवा घोडा, पट्टीसकट, आरशासमोर शिकंज्यात अडकवला. आणि समोरच्या वस्तूकडं अजिबात बघायचं नाही, फक्त आरशात बघायचं, असं ठरवून बसले. आरशात उजव्याचा डावा झालेला. तो बघायचा आणि हातातलं लोखंड त्याच्यासारखं करायचं. हाताला फसवायचं नव्हतं, नवीन गुरू दाखवायचा होता, एवढंच. पहिले दोन दिवस त्यांचं डोकं इतकं दुखलं की चहाचा कप त्यांनी आरशातल्या कपाच्या जागी ठेवला आणि फोडला. तिसऱ्या दिवसापासून कानस सुरात लागली.

त्या पंधरवड्यात लोह्यात आरशाविना हजामती झाल्या. एका बाजूची मिशी आखूड, एका बाजूची लांब. बाहेरगावचे लोक बाजाराला आले, त्यांना वाटलं नवीन फॅशन आलीय, तर दोघा-तिघांनी मुद्दाम तशी करून घेतली. इथं निम्मं कमी केलंत तरी चालेल.

डोळे साथ देत नव्हते म्हणून काजळीचा डाग मी बघायचा, असं ठरलं. “कुठं काळं हाय, मुन्शी?” “वरच्या कोपऱ्यात.” “किती?” “तिळाएवढं.” “तीळ कुठला, पांढरा का काळा?” अशी आमची उलटतपासणी. मी आयुष्यात पहिल्यांदाच जसं होतं तसं सांगत होतो, न वाढवता. फार थकवा येतो त्यानं.

नळी तीच ठेवून टोपीची जागा त्यांनी तिच्या डाव्या अंगाला नेली आणि पौष लागता लागता बंदूक झाली. मिस्त्रींचा एक नेम होता. नव्या बंदुकीचा पहिला बार घडवणाऱ्यानं स्वतः काढायचा, मालकाच्या हातात देण्याआधी, मालकाच्याच रानात. आम्ही दोघं बाईच्या गावी गेलो. ज्वारी दुधात होती. धुऱ्यावर, म्हणजे रानाच्या बांधावर, दीर उभा होता, हाताची घडी घालून, चांगला उंचापुरा. वाईट माणूस नव्हता तो. त्याची तुरही डुकरांनी खाल्ली होती. बरोबर गावातले पाच-सात जण. बायकांची बंदूक बघायला आले होते.

बाई म्हणाली, “मामा, तुमाला दिसत न्हाई. मी काढते पहिला.”

“कामून? माझं चुकलं असंल तर तुझा गाल भाजू का?”

“तुमचा भाजला तर?”

“माझ्या गालाकडं आता बघतंय कोण?”

त्यांनी बंदूक डाव्या खांद्याला लावली. सवय नव्हती, दोनदा काढून पुन्हा लावली. आभाळ तेवढं नीट दिसत होतं, तिकडं तोंड केलं. मी पंचवीस पावलं मागं सरलो. मोजून नव्हे, अंदाजानं. बार निघाला. ओढ्यातून बगळे उठले, कुठूनसा टिटवीचा कल्ला उठला, धूर ज्वारीवरून तरंगत गेला. मिस्त्रींनी डावा गाल माझ्याकडं केला.

“काळं हाय का, मुन्शी?”

मी जवळ जाऊन बघितलं. बोट फिरवून बघितलं. “काईच न्हाई.”

“तिळाएवढं?”

“न्हाई म्हणलं ना!”

मग त्यांनी बंदूक बाईच्या हातात दिली. तिनं भरली, खांद्याला लावली. दस्ता तिच्या खांद्यात असा बसला जसा पाटा जागेवर बसतो. दुसरा बार. ओढ्याच्या बाजूला झुडपं सळसळली आणि एक काळं धूड, मागं चार पिलं, पलीकडच्या माळाकडं पळत सुटलं. तिच्या गालावर काही नव्हतं. जुने डाग तेवढे.

दीर पुढं आला. “आण बघू, वैनी.” त्यानं बंदूक घेतली, सवयीनं उजव्या खांद्याला लावली आणि थांबला. घोडा नेमका त्याच्या गालापाशी, टोपीची जागा डोळ्याखाली. त्यानं ती खाली घेतली, फिरवून बघितली, पुन्हा लावली, पुन्हा खाली घेतली.

“ही कुणालाच चालायची न्हाई मिस्त्री.”

“चालती की,” मिस्त्री म्हणाले. “हिला चालती.”

दिरानं त्यांच्याकडं बघितलं, मग बाईकडं. गावकऱ्यांत कुणीतरी फिस्सकन हसलं. दीर स्वतःही हसला, थोडा उशिरानं. “मग माझ्या तुरीतबी एकेक बार काढत जा वैनी,” म्हणाला आणि बंदूक परत देऊन ज्वारीतून निघून गेला. पाडव्याला रानाचा विषय निघाला नाही.

परतताना गाडीत मी मिस्त्रींना विचारलं, दुसऱ्या कुणाला वापरता येणार नाही हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं का? ते खिडकीला डोकं टेकून बसले होते. म्हणाले, “मी डावी केली. बाकी तू वाढवून सांग.”

त्यानंतर ते लातूरला गेले. ऑपरेशन झालं. शटरला कुलूप लागलं, आता तिथं मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. एकदा मी लेकीच्या घरी भेटायला गेलो. तिसरा मजला, खाली क्लासला निघालेल्या पोरांची गर्दी. मिस्त्री गॅलरीत बसलेले. दोन्ही डोळे स्वच्छ झालेले. मला म्हणाले, “मुन्शी, तू इतका म्हातारा दिसतूस हे कुणी सांगितलं नव्हतं मला.” लेकीनं चहा आणला आणि तक्रार केली, बाबा दिवसभर कानस घेऊन बसतात, विचारलं तर म्हणतात दाराची कडी करतोय. “चार महिने झाले काका, एक कडी!”

गेल्या थंडीत ते गेले. झोपेतच. निरोप आला तेव्हा मी कुणाचा तरी उत्पन्नाचा दाखला भरत होतो. तो तसाच चुकीचा भरला, त्यात एक शेतकरी लक्षाधीश झाला.

महिन्याभरानं लेकीनं एसटीच्या ड्रायव्हरकडं एक पुडकं पाठवलं. वर माझा पत्ता, आणि खाली: बंदूकवाल्या बाईला देणे. बाई परवान्याच्या कामाला आली तेव्हा मी ते दिलं. तिनं माझ्या टेबलावरच सोडलं. तेलानं माखलेल्या फडक्यात एक घोडा होता. डाव्या बाजूचा. सोबत एक पट्टीची कमान, म्हणजे घोड्याची स्प्रिंग. कानशीचा एकही ओरखडा नाही, कडा हाताला लागू नयेत म्हणून गोल मारलेल्या.

बाईनं तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“म्हंजी बंदुकीवरचा मोडला की हा लावायचा,” ती म्हणाली.

“हाव.”

“आन् हा मोडल्यावर, भाऊ?”

मी प्रिंटरमध्ये कागद सरळ करत राहिलो. तो आधीच सरळ होता.

“जाऊ द्या,” तीच म्हणाली. “दोन घोडे मोडोस्तर मी कुठं राहती.” आणि हसली. मग तिनं घोडा फडक्यात गुंडाळला, गाठ मारली, परवान्याचा कागद घेतला आणि कंधारची गाडी लागली होती तिकडं चालू लागली. गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली तिला. पुडकं मांडीवर होतं आणि त्याच्यावर हात.